लहान बोटीच्या केबिनचं फ्लोअरिंग कमी खर्चात: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

केबिनचं फ्लोअरिंग बदलायचं ठरलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात. डिझाइन पसंत होतं, रोल घरी येतो आणि मग बोटीत मापं घेणं सुरू होतं. पुढच्या पावसापर्यंत कोपरे उचललेले असतात, खालची फळी फुगून अडकलेली असते आणि तळातलं पाणी उपसणारा पंप बंद पडला तर तिथपर्यंत हात पोहोचत नाही. यात आवरणाचा दोष क्वचितच असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम.

पैसे वाचवायचे तर ते वरच्या आवरणावर वाचवा. फळी, फळीच्या कडा आणि फळी उचलता येण्याची सोय या तीन ठिकाणी काटकसर करू नका. लहान केबिनमध्ये चालायची जागा असते दोन-तीन चौरस मीटर. तेवढ्यासाठी प्लायवूडचा एक पूर्ण तक्ता (२४४० × १२२० मिमी) बहुधा पुरतो, त्यामुळे चांगलं प्लायवूड घेतल्याने एकूण खर्च फारसा वाढत नाही.

फळ्या सुट्या असतील किंवा कुजल्यामुळे बदलायच्या असतील, तर पुढचे सगळे टप्पे तुमच्यासाठी आहेत. केबिनचा तळ फायबरग्लासचा एकसंध असेल तर पहिला टप्पा करून थेट सहाव्यावर जा.

## टप्पा १: आधी खालची ओल आणि मीठ काढा

सगळ्या फळ्या उचला. त्यांच्याखालचा बोटीचा सगळ्यात खोल भाग, म्हणजे बिल्ज, पूर्ण रिकामा करा. तेल सांडलेलं असेल तर ते आधी टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि शेवटी भरपूर गोड्या पाण्याने खळखळून काढा.

गोड्या पाण्याचा हा शेवटचा हात अनेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. मीठ हवेतली ओल ओढतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साध्या मिठालाच पाणी सुटतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओलं राहतं. म्हणून खारं पाणी नुसतं वाळवलेली फळी दुपारी कोरडी लागते आणि सकाळी पुन्हा दमट. अशा फळीवर लावलेला रंग किंवा गोंद टिकत नाही.

बोटीच्या तळातल्या आडव्या आधारांना खालच्या बाजूला लहान भोकं असतात. त्यांना लिंबर होल म्हणतात. पाणी त्यांतून वाहत पंपापाशी जातं. एक तार घालून प्रत्येक भोक मोकळं करा. मग सगळ्यात पुढच्या कप्प्यात एक तांब्याभर पाणी ओता आणि ते पंपापर्यंत पोहोचतं का ते पाहा. मधे कुठे अडत असेल तर ती अडचण आजच काढा, कारण फ्लोअरिंग झाल्यावर ते डबकं कुणाला दिसणार नाही.

तपासा: जुनी फळी किंवा आधार ठेवायचा विचार असेल तर त्यावर जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आत बाष्प दिसलं किंवा खालचं लाकूड काळपट पडलं, तर अजून वाळवायला हवं. टोकदार पेचकस टोचून पाहा. लाकडात तो सहज रुतला तर ते लाकूड गेलं, वरून काहीही लावून ते वाचणार नाही.

## टप्पा २: कुठली फळी का उचलावी लागेल ते लिहून काढा

साचे करण्याआधी एक कागद घ्या आणि फळ्यांखाली काय काय आहे त्याचा नकाशा काढा. बिल्ज पंप, त्याचा तरंगता स्विच, समुद्राच्या पाण्याचे सगळे झडप-नळ, कीलचे (बोटीच्या तळाखालच्या जड कण्याचे) बोल्ट, पाण्याची आणि इंधनाची टाकी, त्यांची जोडणी, खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर. यातल्या प्रत्येक वस्तूपर्यंत काहीही न तोडता हात पोहोचला पाहिजे. पंप आणि झडप-नळांपर्यंत तर अंधारात, एका हाताने आणि काही सेकंदांत.

मग फळ्यांचे जोड कुठे यावेत ते ठरवा. जोड नेहमी आधारावरच हवा. अधांतरी जोड पायाखाली दबतो आणि त्याच्या कडेचा रंग आधी फुटतो.

नेहमी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे दार. कार्यशाळेत सुंदर एकसंध फळी तयार होते आणि ती केबिनच्या दारातून आत जात नाही, किंवा आत गेली तरी बाकाच्या कडेला अडकून आडवी होत नाही. म्हणून सर्वात मोठ्या फळीच्या मापाचा पुठ्ठा कापा, दारातून आत नेऊन जागेवर टेकवून पाहा, आणि मगच पुढे जा.

इशारा: सलग दिसतं म्हणून सगळी जमीन एकाच तुकड्याची करू नका. पाणी आत येत असताना ती उचलायला तुमच्याकडे वेळ नसेल.

## टप्पा ३: साचे

बोटीत सरळ रेषा फार कमी आणि काटकोन जवळजवळ नाहीतच. टेपने मापं घेऊन प्लायवूडवर उतरवायला जाल तर फसाल. पुठ्ठ्याच्या किंवा पातळ प्लायच्या अरुंद पट्ट्या घ्या, फळीच्या जागी कडेकडेने ठेवत जा आणि एकमेकींना गरम गोंदाने जोडा. मधे दोन तिरक्या पट्ट्या टाका, म्हणजे सांगाडा उचलताना वाकडा होणार नाही.

प्रत्येक साच्यावर तीन गोष्टी लिहा: वरची बाजू कोणती, बोटीचं नाक कुठल्या दिशेला, आणि फळीचा क्रमांक. वरची बाजू लिहिली नाही तर डावी फळी उजवी होऊन बसते आणि तक्ता वाया जातो.

आता कडेचा उतार. बोटीचं अंग खालून वर रुंदावत जातं. त्यामुळे फळीची खालची कड वरच्या कडेपेक्षा आत हवी. हा उतार सरकत्या गुण्याने (कोन धरून ठेवणाऱ्या सुताराच्या अवजाराने) तीन-चार ठिकाणी मोजा आणि साच्यावरच त्या त्या जागी रेघ मारून ठेवा, कारण पुढे-मागे तो बदलत जातो. काटकोनात कापलेली फळी खालच्या कडेवर टेकते आणि वर उचललेली राहते. मग लोक ती हातोड्याने ठोकून बसवतात, आणि तिथून पुढे ती कधी सुखाने निघत नाही.

प्रत्येक फळीभोवती ३ मिमी फट ठेवा. लाकूड फुगतं, रंगाचे थरही जागा खातात, आणि या फटीतूनच बिल्जला हवा मिळते. फट दिसायला बरी दिसत नाही म्हणून ती सिलंटने भरण्याचा मोह होईल. भरू नका.

## टप्पा ४: प्लायवूड निवडणं आणि कापणं

आधारांमधलं अंतर ३०० ते ४०० मिमी असेल तर १२ मिमी जाडी पुरेशी आहे. अंतर कमी असेल तर ९ मिमी चालेल. १२ मिमी प्लायचं वजन साधारण ७ ते ८ किलो प्रति चौरस मीटर भरतं, हे लक्षात ठेवा. पुढे आवरण निवडताना ते कामी येईल.

मरीन प्लाय (ब्रिटिश मानक बीएस १०८८ किंवा तत्सम दर्जाचं) परवडत असेल तर तेच घ्या. ते नसेल तर निदान उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या गोंदाचं बाहेरच्या वापराचं प्लाय हवं. शिक्क्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तळहाताएवढा तुकडा पातेल्यात तीन-चार तास उकळा, पूर्ण वाळवा, पुन्हा उकळा. मग पटाशीने थर सुटे करून पाहा. लाकूड फाटलं तर गोंद चांगला. थर पत्त्यांसारखे सुटले तर तो तक्ता बोटीसाठी नाही.

कापलेल्या कडेवर नजर फिरवा. आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर प्रत्येक पोकळी इपॉक्सीच्या (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनच्या) पुट्टीने भरावी लागेल. पोकळी म्हणजे पाण्याची आतपर्यंत जायची वाट.

सगळ्या फळ्या कापून झाल्या की काहीही न लावता, कोऱ्याच, बोटीत बसवून पाहा. उचलायची भोकं (२५ मिमी, हाताचं बोट सहज जाईल अशी) आणि फळी अडकवायच्या कड्यांसाठी खाचा आत्ताच पाडा. रंगकाम झाल्यावर पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे उघडी पडलेली नवी कड.

## टप्पा ५: सहाही बाजू बंद करणं

संपूर्ण कामातला हा कणा आहे, आणि कंटाळवाणा असल्यामुळे इथेच घाई होते. लोक वरची बाजू चार थर देऊन चमकवतात. खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरी राहते. पाणी मात्र खालीच असतं.

प्लायच्या कडा म्हणजे उघड्या नळ्या आहेत. सपाट बाजूच्या तुलनेत त्या पाणी कितीतरी वेगाने ओढतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कडा आणि भोकं, मग खालची बाजू, शेवटी वरची.

इपॉक्सी वापरत असाल तर प्लाय ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धूळ पुसून घ्या. रेझिन आणि हार्डनर कंपनीने दिलेल्या प्रमाणातच, शक्यतो वजनकाट्यावर मोजा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते कायमचं चिकट राहतं. मिसळलेलं मिश्रण लगेच उथळ ट्रेमध्ये ओता. उंच भांड्यात साठून राहिलं तर ते स्वतःच तापतं, धूर सोडतं आणि भांड्यातच घट्ट होतं.

पहिला हात कडांवर द्या. दहा मिनिटांनी परत या. कडेवरचा ओला चकाकता थर जागोजाग मंद, कोरडा दिसेल, कारण लाकडाने तो पिऊन टाकलेला असतो. तिथे लगेच पुन्हा ब्रश फिरवा. कड पिणं थांबेपर्यंत हे करत राहा.

पुढचा थर कधी द्यायचा हे अंगठा सांगतो. दाबल्यावर ठसा उमटला पण अंगठ्याला काही चिकटलं नाही, तर घासल्याशिवाय पुढचा थर देता येतो. ती वेळ टळून थर कडक झाला असेल तर पृष्ठभागावर मेणचट पातळ साय आलेली असू शकते. ती साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, पुसा, वाळवा आणि मग पॉलिश पेपर मारा. न धुता घासलंत तर साय नुसती पसरते आणि वरचा थर पापुद्र्यासारखा निघतो.

काम दुपार कलल्यावर सुरू करा. सकाळी हवा तापत असताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बुडबुडे उठतात. तापमान उतरत असताना उलट होतं, लाकूड रेझिन आत ओढून घेतं.

कडांना तीन थर, दोन्ही बाजूंना किमान दोन. बजेट फारच ताणलेलं असेल तर माझा सल्ला असा: कडा आणि भोकं इपॉक्सीने बंद करा, सपाट बाजूंना तेलाधारित प्राइमर आणि इनॅमल रंगाचे दोन-तीन हात द्या. याच्या उलट करू नका.

स्क्रूच्या भोकांसाठी वेगळी रीत आहे. हवं त्यापेक्षा मोठं भोक पाडा, ते इपॉक्सी पुट्टीने पूर्ण भरा, कडक झाल्यावर त्याच्या मधोमध स्क्रूचं भोक पाडा. आता स्क्रू लाकडाला स्पर्शच करत नाही.

इशारा: इपॉक्सी कातडीला लागत राहिली तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. नायट्राइलचे हातमोजे घाला. हाताला लागलंच तर साबणाने धुवा, थिनरने नाही. थिनर ते कातडीत आणखी आत नेतं.

## टप्पा ६: आता आवरण निवडा

रंग आणि खरखरीत पूड. सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते लहान बोटीसाठी सगळ्यात प्रामाणिक पर्याय. रंगाचा एक हात द्या, ओला असतानाच बारीक धुतलेली कोरडी वाळू किंवा तयार मिळणारी प्लास्टिकची पूड चाळणीने वरून दाट शिंपडा. सुकल्यावर न चिकटलेली झाडून काढा आणि वर दोन हात द्या. केबिनमध्ये अनवाणी फिरायचं, गुडघे टेकायचे असतात, म्हणून पूड बारीकच हवी. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग इनॅमलपेक्षा खूप जास्त टिकतो, पण तो ब्रश-रोलरनेच लावा. त्याच्या फवाऱ्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात.

व्हिनाइल शीट. पुसायला सोपी, स्वस्त, दिसायला नीटनेटकी. खरेदी करताना तिची मागची बाजू बघा. पाठीला कागदी किंवा नमद्यासारखा थर असेल तर ती पाणी पिते आणि बुरशी धरते. नमुन्याचा तुकडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पाठ मऊ पडली किंवा नखाने खरवडली गेली तर दुसरी शोधा. साधारण २ मिमी जाडी पुरे.

ईव्हीए फोम. ५-६ मिमीची, पाठीला चिकट थर असलेली शीट. पायाला मऊ, आवाज कमी, वजन चौरस मीटरला जेमतेम एक किलो. जड वस्तू एकाच जागी राहिली तर खळगा पडतो आणि तो पूर्ण भरून येत नाही. पेटवायची शेगडी याच जमिनीजवळ असेल तर फोम टाळा, तो जळतो.

सुटं पॉलिप्रॉपिलीन कार्पेट. त्याचा धागा कुजत नाही, पण त्यात अडकलेलं मीठ ओल धरून ठेवतं. म्हणून एकच अट: चिकटवायचं नाही. फळीच्या आकारात कापा, नुसतं अंथरा, आणि खारं पाणी लागलं की बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवा. रबराची पाठ असलेलं घेऊ नका. व्हिनाइलवर अंथरणार असाल तर मुळीच नको, कारण रबरातल्या रसायनांनी व्हिनाइलवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

जे स्वस्त वाटतं पण नको. घरातलं लॅमिनेट फ्लोअरिंग: त्याचा गाभा दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो, एकदा भिजला की फुगून बसतो. दगडी पूड मिसळलेल्या कडक प्लास्टिकच्या पट्ट्या पाण्याला दाद देत नाहीत हे खरं, पण ५ मिमी जाडीच्या पट्ट्यांचं वजन प्लायइतकं किंवा जास्तच भरतं. शिवाय एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या म्हणजे पुन्हा सलग जमीन, आणि खालचा पंप बंदिस्त. उन्हात बंद पडलेल्या केबिनचं तापमान ३० अंशांनी चढलं तर दोन मीटर लांबीची प्लास्टिकची जमीन साधारण ४ मिमीने लांबते. फट नसेल तर ती मधून उचलली जाणारच.

तपासा: नमुना एका फळीवर चिकटपट्टीने लावा, साबणाचं पाणी ओता, फळीचं एक टोक वीसेक अंश उचला आणि त्यावर बोटीत घालता ते बूट दाबून बघा. दुकानातल्या कोरड्या, सपाट जमिनीवर सगळंच घट्ट वाटतं.

## टप्पा ७: व्हिनाइल किंवा फोम चिकटवणं

हे काम बोटीबाहेर, एकेका फळीवर करा. बोटीत बसवलेल्या फळ्यांवर सलग शीट चिकटवून नंतर जोडांवर कापू नका. पात्याने इपॉक्सीचा थर चिरतो आणि टप्पा ५ ची मेहनत वाया जाते.

१. रोल उघडून एक दिवस सपाट ठेवा, म्हणजे त्याचा बाक मरतो.

२. सगळ्या फळ्या बोटीतल्या क्रमाने जमिनीवर मांडा आणि तुकडे एकाच दिशेने, चारही बाजूंनी ५० मिमी जास्त ठेवून कापा. डिझाइनच्या रेघा जुळवायची हीच वेळ.

३. फळीची वरची बाजू घासून तिची चकाकी घालवा. चकचकीत इपॉक्सीला गोंद धरत नाही.

४. फ्लोअरिंगचा पाण्यातला गोंद वापरत असाल तर तो दात्यांच्या पातळ पत्र्याने पसरा आणि थांबा. बंद केलेली फळी गोंदातलं पाणी शोषत नाही, त्यामुळे ओल्यावरच शीट टाकली तर ते पाणी आत अडकून राहतं. पांढरा गोंद पारदर्शक आणि बोटाला चिकट झाला की शीट टाका. दाबून चिकटणाऱ्या प्रकारचाच गोंद घ्या, डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

५. मधून कडांकडे रोलर किंवा लाटणं दाबून फिरवा. दुसऱ्या दिवशी नव्या पात्याने कडेबरोबर कापा. शीट कडेवरून खाली वळवू नका, ३ मिमी फट तिथेच संपते.

फोम असेल तर गोंद लागत नाही, पण तो कडेपासून २-३ मिमी आत ठेवा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपरा पायाने आधी उचलला जातो.

इशारा: पिवळट द्रावणाचा कॉन्टॅक्ट गोंद वापरायचाच असेल तर तो बोटीत उघडू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये उतरून साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. पंपाचा आपोआप चालू होणारा स्विचही ती ठिणगी देऊ शकतो.

## टप्पा ८: बसवणं आणि अडकवणं

नुसती ठेवलेली फळी शांत पाण्यात ठीक. बोट जोरात कलंडली की फळी आणि तिच्याखालची जड वस्तू दोन्ही उडतात. आत पाणी भरलं तर फळ्या तरंगून दार अडवतात. म्हणून प्रत्येक फळीला फिरती कडी किंवा अवजाराशिवाय उघडणारी दुसरी पकड हवी. पंपावरच्या फळीला स्क्रू मारू नका.

आधारात स्क्रू मारताना ड्रिलच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. खाली बोटीचं अंग किती जवळ आहे ते हाताने चाचपून मगच भोक पाडा. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या.

फळी करकरत असेल तर आधारावर पातळ फोमची किंवा नमद्याऐवजी प्लास्टिकची पट्टी चिकटवा. नमदा मीठ धरतो.

तपासा: दिवे बंद करा आणि पंपावरची फळी एका हाताने काढून दाखवायला बोटीवरच्या प्रत्येकाला सांगा. ज्याला जमत नाही त्याच्यासाठी कडी बदला.

## टप्पा ९: पहिला महिना

आठवड्यातून एकदा सगळ्या फळ्या उचलून उलट्या करा. खालच्या बाजूला काळा डाग, कडेला फुगवटा किंवा बारीक चीर दिसली तर ती जागा लगेच खरवडून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा बंद करा. एखादी फळी एकाच जागी घासत असेल तर तिथली कड कानशीने किंचित उतरवा आणि उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी इपॉक्सीने झाका. बोट बरेच दिवस उभी राहणार असेल तर एक-दोन फळ्या उचलून तिरक्या ठेवून जा, खालची हवा खेळती राहील.